शहरफेरी आणि आराखड्यातली पायरी

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत आपल्या देशातील मोठ्या शहरांतून ‘हेरिटेज वॉक’ नावाचा एक प्रकार रूढ झाला आहे. सकाळच्या वेळी दहावीस माणसे एका ठिकाणी जमतात. एक जाणकार पुढे चालतो आणि वाडे, देवळे, वेशी, बाजार, पूल दाखवीत त्यांचा इतिहास सांगतो. अहमदाबाद महानगरपालिकेने १९९७ मध्ये सुरू केलेली फेरी यांत विशेष गाजली. काळूपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून निघून पोळांच्या गल्लीबोळांतून ती जामा मशिदीपर्यंत जाते. पुढे २०१७ मध्ये त्या जुन्या शहराला युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला. २०१८ मध्ये तोच दर्जा दक्षिण मुंबईतील व्हिक्टोरियन आणि आर्ट डेको पद्धतीच्या इमारतींना मिळाला. त्यामुळे या फेऱ्यांचा विषय आता केवळ जुन्या अवशेषांपुरता राहिलेला नाही. सिमेंट-काँक्रीटच्या आधुनिक इमारती, रुंद केलेले रस्ते, बांधून काढलेले नदीकाठ, पाडून पुन्हा उभारलेल्या वसाहती, म्हणजे ज्याला शहराचे ‘पुनरुज्जीवन’ म्हणतात ते सारे या फेऱ्यांत दाखविले जाते.

नांदेड आणि लातूर या आपल्या शहरांत अशी फेरी काढावयाची झाली तर काय पाहावे, कोणत्या बाजूने पाहावे, आणि परिवर्तनाच्या चळवळीला तिचा उपयोग काय, हे या लेखात मांडावयाचे आहे. मी नांदेडच्या एका महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवतो. काही वर्षांपासून पदवीच्या विद्यार्थ्यांना घेऊन या दोन्ही शहरांत अशा फेऱ्या काढीत आहे. त्या अनुभवाचा आधार या लेखाला आहे.

मार्ग कोण ठरवतो?

कोणतीही फेरी म्हणजे निवड असते. दोन तासांत सगळे शहर चालून होत नाही. म्हणून कोणत्या गल्लीत शिरायचे आणि कोणत्या गल्लीच्या तोंडावरून पुढे जायचे, हे कोणीतरी आधीच ठरवलेले असते. ज्याला जो रस्ता आपला वाटतो तो रस्ता तो शहर म्हणून दाखवतो. राजाने काय बांधले, सावकाराने कोणता वाडा उठवला, कोणत्या वास्तुशिल्पज्ञाने कोणती इमारत रेखाटली, हे सांगितले जाते. चुना कोणी मळला, दगड कोणी फोडला, पाया खणताना कोणाची झोपडी उठली आणि ती कोठे गेली, हे सांगणारा कोणी नसतो. गावगाड्यात आपल्या वस्तीची दिशा ठरलेली होती. शहराच्या फेरीत तिला दिशासुद्धा उरत नाही. ती मार्गातच येत नाही.

शहर पायी फिरून समजून घ्यावे हा विचार आपल्याकडे मांडणारा एक मोठा माणूस म्हणजे पॅट्रिक गेडिस. हा स्कॉटिश विचारवंत १९१४ मध्ये भारतात आला आणि १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचा पहिला प्राध्यापक झाला. नकाशावर रेघ मारण्याआधी शहर गल्लीगल्लीने चालून पाहा, दाट वस्ती सरसकट पाडू नका, जेथे आवश्यक तेथे दोनचार घरे हलवून हवा-उजेडाला वाट करा, असे त्याचे म्हणणे होते. पाडापाडीलाच सुधारणा समजणाऱ्या त्या काळात हा विचार माणुसकीचा होता यात शंका नाही.

याच गेडिसने इंदूर संस्थानात काम करताना दिवाळीत एक मोठी मिरवणूक काढली. जे मोहल्ले स्वच्छ आणि नीटनेटके होतील त्यांतून मिरवणूक जाईल, असे त्याने जाहीर केले. मिरवणुकीत सफाई कामगारांना नवे कपडे आणि फुलांचे हार देऊन सन्मानाने चालवले. नगररचनेच्या अभ्यासात ही घटना कौतुकाने सांगितली जाते. मीही विद्यार्थ्यांना सांगतो, परंतु तिच्यापुढे एक प्रश्न ठेवतो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या हातांत काय होते? हाताने मैला उचलण्याच्या प्रथेविरुद्ध पहिला केंद्रीय कायदा १९९३ साली झाला, दुसरा २०१३ साली झाला, आणि तरीही गटारात उतरून माणसे मरतात. हार घातल्याने काम बदलत नाही आणि कामाची जातही बदलत नाही. गेडिसने सफाई कामगाराला मिरवणुकीत घेतले, पण मार्ग ठरवण्याच्या बैठकीत घेतले नाही. सगळा फरक येथे आहे.

आपल्या फेऱ्या

चालणे ही आपल्या चळवळीला नवी गोष्ट नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या परिषदेतून निघालेले लोक शहराच्या रस्त्यांवरून चालत चवदार तळ्यावर गेले. त्या चालण्यामागे एक कागद होता हे आपण पुष्कळदा विसरतो. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ मध्ये झाला होता आणि महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे खुले केल्याचा ठराव केला होता. ठराव कागदावर पडून होता. बाबासाहेबांनी तो पायांनी खरा करून दाखवला. आधी कागद वाचायचा आणि मग त्या कागदावरचा हक्क जागेवर जाऊन सांगायचा, ही पद्धत आपल्याला महाडने दिली. नामांतरासाठी १९७९ मध्ये नागपूरच्या दीक्षाभूमीवरून औरंगाबादकडे निघालेला लाँग मार्चही त्याच वाटेवरचा.

साहित्यातही हे घडले. नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’ या १९७२ च्या संग्रहाला विजय तेंडुलकरांची प्रस्तावना आहे. ती लिहिण्याआधी तेंडुलकर ढसाळांबरोबर त्या वस्तीतून हिंडले. मुंबईत आयुष्य काढलेल्या नामवंत लेखकाला त्याच मुंबईचा एक भाग दाखवायला वाटाड्या लागला, आणि तो वाटाड्या त्या वस्तीतलाच होता. दया पवारांच्या ‘बलुतं’मधील कावाखाना असो की बाबूराव बागुलांच्या कथांतील झोपडपट्ट्या, दलित साहित्याने मराठी वाचकाला अशा कितीतरी फेऱ्या घडवल्या. तेव्हा शहर दाखवण्याचा अधिकार आपण मागून घ्यायचा नाही, तो आपण आधीच मिळवलेला आहे. आता त्याला नकाशाची जोड द्यायची आहे.

नांदेड

नांदेडची फेरी आम्ही गुरुद्वाऱ्यापासून सुरू करतो. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगांचे येथे देहावसान झाले, आणि आजचे सचखंड महाराजा रणजितसिंगांच्या काळात १८३२ ते १८३७ दरम्यान बांधले गेले. परंतु आजचे नांदेड ज्याने घडवले ते वर्ष २००८ आहे. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये गुरू-ता-गद्दीचा त्रिशताब्दी सोहळा झाला. केंद्र सरकारने डिसेंबर २००५ मध्ये सुरू केलेल्या जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनर्निर्माण अभियानात देशातील ६३ शहरे घेतली होती, त्यांत नांदेडचा समावेश झाला. मुंबई-पुणे-नागपूरच्या पंक्तीला मराठवाड्यातील एक शहर बसले. रस्ते रुंद झाले, विमानतळ वाढला, गोदावरीचे घाट बांधून निघाले, गुरुद्वाऱ्याभोवतीची दाटी मोकळी झाली.

याचा लाभ झाला नाही असे म्हणणे खोटेपणाचे होईल. रुंद रस्त्यावरून रुग्णालयाची गाडी लवकर जाते आणि कामाला जाणारी बाईही लवकर जाते. पण विद्यार्थ्यांनी प्रत्येक थांब्यावर चार प्रश्न विचारावेत असा आमचा नियम आहे. ही जमीन कोणाची होती? बांधकामावर कोण राबले? कोण हलले, आणि हलून कोठे गेले? आज हिची झाडलोट कोण करते? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे कागदांत शोधावी लागतात. तिसऱ्याचे उत्तर जुने रहिवासी देतात. चौथ्याचे उत्तर मिळवायला सकाळी साडेसहाला यावे लागते, कारण आठनंतर झाडू दिसत नाही, फक्त स्वच्छ रस्ता दिसतो.

तेथून नगीना घाट, बंदा घाट करीत आम्ही नदीच्या कडेने चालतो. काठावर उभे राहून मी दोन रेघांची माहिती देतो. नदीकाठच्या नकाशात निळी आणि लाल अशा दोन पूररेषा असतात. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई असते, लाल रेषेपर्यंत निर्बंध असतात. सखल जागेत वस्ती करणाऱ्याने ती जागा हौसेने निवडलेली नसते. वरची जागा त्याला परवडली नाही किंवा दिली गेली नाही म्हणून तो खाली राहतो. मग नदी सुशोभित करायची वेळ आली की त्याच रेषेचा आधार घेऊन त्याला अतिक्रमणदार ठरवले जाते. पूररेषा निसर्गाची असते, पण तिच्या आत कोण राहायला जाईल हे समाज ठरवतो.

त्याच अभियानात ‘शहरी गरिबांना मूलभूत सेवा’ असा दुसरा भाग होता. त्याखाली नांदेडच्या झोपडपट्ट्यांतून पक्की घरे उभी राहिली. घराचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट ठरलेले होते. अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठीच्या रमाई आवास योजनेतही हाच २६९ चौरस फुटांचा आकडा भेटतो. ही घरे बाहेरून बारकाईने पाहण्यासारखी असतात. पत्र्याखाली जन्म गेलेल्या माणसाला ‘स्लॅब पडला’ या दोन शब्दांत काय मिळते, हे वास्तुशास्त्राच्या पुस्तकात नाही. गच्चीवर उद्याच्या मजल्यासाठी सोडलेल्या सळया, दारावरचे बुद्धाचे चित्र, भिंतीवर रंगवलेले रमाईचे नाव, कोपऱ्यावर वर्गणीतून बांधलेले विहार, हेही आधुनिक स्थापत्य आहे. ज्यांना शतकानुशतके चांगले घर बांधण्याची मुभा नव्हती त्यांचे ते पहिलेच स्थापत्य आहे. फेरीत त्याला ताजमहालाइतका वेळ दिला तरी कमीच.

गोदावरी ओलांडली की सिडको-हडकोचे नवीन नांदेड लागते. सिडको हे महामंडळ १९७० मध्ये नवी मुंबईसाठी स्थापन झाले आणि पुढे मराठवाड्यातही त्याने वसाहती वसवल्या. सरळ रस्ते, आखीव चौक, क्रमांक दिलेली घरे. येथे आलेल्या आपल्या पहिल्या पिढीला या क्रमांकाचे फार अप्रूप होते. गावात पत्ता विचारला की जात सांगावी लागे. येथे घर क्रमांक सांगितला की पुरे. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत खेड्यावर जी कठोर टीका केली, तिची दुसरी बाजू अशा वसाहतीत प्रत्यक्ष दिसते. शहराने आपल्याला निनावी होण्याची सोय दिली आणि ती सोय म्हणजे स्वातंत्र्याचा एक अंश होता.

त्याच रस्त्याने पुढे विष्णुपुरीला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे. ते १७ सप्टेंबर १९९४ रोजी सुरू झाले. त्याच वर्षी १४ जानेवारीला औरंगाबादच्या विद्यापीठाचा नामविस्तार झाला होता, आणि त्याच्या काही आठवडे आधी, २५ नोव्हेंबर १९९३ रोजी, गौतम वाघमारे यांनी याच नांदेडमध्ये आत्मदहन केले होते. विद्यापीठाच्या भव्य आवारात उभे राहून ही तारीख सांगितल्याशिवाय आमची नांदेडची फेरी संपत नाही. इमारतींना पाया असतो तसा नावांनाही असतो.

लातूर

विष्णुपुरीवरून जाणारा तो रस्ताच लातूरला जातो. लातूरची फेरी गंजगोलाईतून निघते. निजामी राजवटीत नगररचनाकार फैयाजुद्दीन यांनी तिची आखणी केली आणि १९१७ मध्ये मध्यवर्ती दुमजली गोलाकार इमारत उभी राहिली. मध्यभागी जगदंबेचे मंदिर, भोवती दुकानांचे कडे, आणि त्यातून सोळा रस्ते फुटलेले. एकेका रस्त्यावर एकेका मालाचा बाजार. त्याआधी १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वे लातूरला आली होती. माल येण्या-जाण्याची वाट झाली आणि बाजारपेठेला असा देखणा आकार मिळाला. चौकोनी वाड्यांच्या मुलखात शंभर वर्षांपूर्वी आखलेली ही गोल पेठ म्हणजे मराठवाड्यातील आधुनिक नगररचनेचा फार चांगला नमुना आहे.

माझे वडील लातूरच्या मोंढ्यात हमाल होते. त्यांच्याकडून मी हे शहर प्रथम ऐकले. त्यांच्या बोलण्यात रस्त्यांची नावे नसत. कोणत्या आडत्याच्या दुकानाला किती पायऱ्या, कोठे चढ, कोठे सावली, यावरून ते शहर सांगत. पाठीवर पोते असलेला माणूस इमारतीचा दर्शनी भाग पाहत नाही, उंबऱ्याची उंची पाहतो. आराखडा काढणाऱ्याला हे ठाऊक असते तर कितीतरी उंबरे सखल झाले असते. म्हणून लातूरच्या फेरीत विद्यार्थ्यांना मी गोलाईत एक फेरी पाहत मारायला लावतो आणि दुसरी पायऱ्या मोजत.

लातूरच्या पुनरुज्जीवनाचा दुसरा धडा पाण्याचा आहे. २०१६ च्या दुष्काळात मार्च महिन्यात या शहरातील पाणी भरण्याच्या जागांभोवती जमावबंदी लागू करावी लागली, आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आले. पहिल्या गाडीत सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या ३ लाख ८२ हजारांवर होती, म्हणजे माणशी दीड लिटरही नाही. ज्यांच्या घरी कूपनलिका होती आणि ज्यांना टँकर विकत घेता येत होता त्यांचा दुष्काळ वेगळा, आणि नळाच्या तोंडाशी घागर घेऊन रात्र काढणाऱ्या बायकांचा वेगळा. आज शिकवणी वर्गांच्या काचेच्या दर्शनी भागांनी आणि वसतिगृहांच्या उंच इमारतींनी लातूर नवे दिसते. ‘लातूर पॅटर्न’च्या ओढीने बाहेरगावची मुले येथे येतात, आणि त्यांत आपलीही मुले असतात. पण कोणत्या वस्तीत नळाला किती दिवसांनी पाणी येते हे विचारल्याशिवाय काचेवरून शहराची प्रगती मोजू नये.

तिसरा धडा शहराबाहेर आहे, परंतु तो घेतल्याशिवाय लातूरची फेरी अपुरी राहते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला. हजारो माणसे गेली. जागतिक बँकेच्या मदतीने पुनर्वसन झाले आणि ५२ गावे पूर्णपणे नव्या जागी वसवली गेली. जुन्या गावाच्या वाकड्या गल्ल्या गेल्या. पट्टीने आखल्यासारखे सरळ रस्ते आले. खेड्याला शहराची रचना मिळाली. आता जात आराखड्यातून पुसली जाईल, अशी आशा पुष्कळांना वाटली.

घरे मात्र तीन मापांची होती. भूमिहीनाला आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्याला २५० चौरस फूट, सात हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला ४०० चौरस फूट, आणि त्याहून मोठ्या जमीनदाराला ७५० चौरस फूट. भूकंपाने वाडा आणि झोपडी दोन्ही सारखीच पाडली होती. नियमाने त्यांना पुन्हा वेगळे केले. त्या नियमात जातीचा एक शब्द नव्हता, आणि त्याची गरजही नव्हती. आमच्या भागात जमीन कोणाकडे होती आणि कोणाकडे नव्हती, हे या अंकाच्या वाचकांना सांगण्याचे कारण नाही. मी अडीचशे फुटांच्या अशाच एका घरात वाढलो. ते घर पक्के होते, त्याने आम्हांला ऊन-पाऊस-भीतीपासून वाचवले, आणि त्याच घरात कंदिलाऐवजी बल्बखाली बसून घरातला पहिला पदवीधर झाला. त्या घराचे उपकार मी नाकारीत नाही. पण सरळ रस्त्यावर चालताना डावीकडचे घर आणि पलीकडच्या ओळीतले घर यांत तिपटीचे अंतर का, हा प्रश्न मला त्या घरानेच शिकवला.

पायरी

आधुनिक स्थापत्याने नक्षी काढून टाकली, कमानी काढून टाकल्या, भिंत साधी केली. पायरी मात्र राहिली. चंदीगड हे स्वतंत्र भारताचे सर्वांत प्रसिद्ध आधुनिक शहर. ले कोर्बुझिए आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ते आखले. तेथे सरकारी निवासस्थाने मुख्यमंत्र्यापासून शिपायापर्यंत १३ श्रेणींत विभागली होती. गावात जातीची, किल्लारीत जमिनीची आणि चंदीगडात हुद्द्याची पायरी. या तिन्ही पायऱ्या एकच आहेत असे मी म्हणत नाही. हुद्दा शिकून बदलता येतो, जमीन कष्टाने कदाचित घेता येते, जात मात्र जन्माबरोबर येते. परंतु ज्या समाजात जात जमीन ठरवते आणि जमीन बऱ्याच अंशी शिक्षण ठरवते, तेथे या पायऱ्या एकमेकींवर रचल्या जातात. आराखडा काढणारा त्यांकडे पाहत नसेल तर त्या सरळ रस्त्यावरही तशाच उभ्या राहतात.

हे अटळ आहे काय? नाही. नवी मुंबईतील बेलापूरला १९८० च्या दशकात चार्ल्स कोरिया यांनी सिडकोसाठी एक वसाहत केली. तेथे भूखंड ४५ ते ७५ चौरस मीटरच्या आतले ठेवले. गरीब आणि मध्यमवर्गीय यांच्या जमिनीत फार फरक पडणार नाही, भिंती सामाईक नसल्याने प्रत्येकाला आपले घर पुढे वाढवता येईल, आणि काही घरांमध्ये मिळून एक अंगण असेल, असा तो विचार होता. पुढे श्रीमंतांनी तेथे घरे पाडून मोठी बांधली, हा भाग वेगळा. तरी आरंभीचे माप समान ठेवता येते, एवढे त्यातून सिद्ध होते. वरळीच्या बीडीडी चाळींत १६० फुटांच्या खोल्यांत पिढ्या गेल्या. तेथील रहिवासी संघटित होते, आणि पुनर्विकासात ५०० फुटांचे घर देण्याचे शासनाने मान्य केले. २०२५ मध्ये पहिल्या कुटुंबांना किल्ल्या मिळाल्या. माप आकाशातून पडत नाही. ते मागावे लागते, आणि वेळेवर मागावे लागते.

कागद

वेळेवर म्हणजे केव्हा? येथे फेरीचा खरा उपयोग सुरू होतो. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ या कायद्याखाली प्रत्येक शहराचा विकास आराखडा तयार होतो. त्याआधी विद्यमान जमीनवापराचा नकाशा करतात. कोठे घरे आहेत, कोठे शेत, कोठे मोकळी जागा, हे त्यात दाखवतात. त्या नकाशात वस्तीच्या जागी मोकळे मैदान दिसले, तर पुढील सर्व अनर्थाचे बीज तेथे पडले असे समजावे. त्यानंतर प्रारूप आराखडा प्रसिद्ध होतो आणि हरकती-सूचनांसाठी ३० दिवसांची मुदत मिळते. नियोजन समितीसमोर सुनावणी होते. मग मंजुरी.

या ३० दिवसांत बिल्डर येतो, जमीनदार येतो, त्यांचे वकील येतात. आपला माणूस येत नाही, कारण सूचना वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात आणि राजपत्रात असते आणि नकाशा पालिकेच्या भिंतीवर. तो येतो जेसीबी दारात आल्यावर. तेव्हा मोर्चा काढावा लागतो, आणि मोर्चाने काम थांबलेच तर थांबते. दीक्षाभूमीवरील भूमिगत वाहनतळाचे काम १ जुलै २०२४ रोजी लोकांच्या उद्रेकाने थांबले, कारण ती दीक्षाभूमी होती आणि हजारो लोक धावून आले. एखाद्या नगरातल्या चाळीस घरांच्या गल्लीसाठी एवढे लोक कोठून येणार?

आराखड्यात एक शब्द असतो, ‘आरक्षण’. आपल्या कानाला तो दुसऱ्या अर्थाने परिचित आहे. येथे त्याचा अर्थ शाळा, दवाखाना, बाग, क्रीडांगण यांसाठी राखून ठेवलेली जमीन. गंमत अशी की दोन्ही आरक्षणांचे भवितव्य सारखेच आहे. नोकऱ्यांत अनुशेष राहतो तसा जमिनीतही राहतो. दहा वर्षांत पालिकेने ती जमीन घेतली नाही तर कलम १२७ खाली मालक नोटीस देऊ शकतो, आणि मुदतीत कार्यवाही झाली नाही तर आरक्षण संपते. आपल्या वस्तीशेजारच्या शाळेची जागा अशी निसटते आणि तेथे मंगल कार्यालय उभे राहते. कोणी बळजबरी करीत नाही. कोणी लक्ष देत नाही एवढेच घडते.

म्हणून आमच्या फेरीत प्रत्येक गटाजवळ त्या भागाचा भाग नकाशा असतो. तो पालिकेच्या नगररचना विभागात शुल्क भरून मिळतो. विद्यार्थी चालता चालता रंग जुळवतात. पिवळा रहिवासी, निळा व्यापारी, हिरवा शेतीचा किंवा मोकळ्या जागेचा. आपण उभे आहोत ती वस्ती १९७१ च्या झोपडपट्टी कायद्याखाली घोषित आहे की अघोषित, भूखंड गुंठेवारीचे असतील तर २००१ च्या कायद्याखाली ते नियमित झाले आहेत की नाहीत, हे तेथेच विचारून लिहून घेतात. एका फेरीत एका विद्यार्थिनीने आपले स्वतःचे घर नकाशावर शोधले. तिच्या गल्लीवरून १२ मीटरच्या रस्त्याची रेघ गेलेली होती. घरात कोणालाच ते ठाऊक नव्हते. तिने त्याच आठवड्यात गल्लीतल्या बायकांना जमवून तो नकाशा दाखवला. पुढचा आराखडा येईल तेव्हा त्या गल्लीचा अर्ज पहिल्या दिवशी दाखल होईल, एवढी तयारी आज तेथे आहे.

शिक्षकांना आणि कार्यकर्त्यांना माझे सांगणे एवढेच की हे काम अवघड नाही. पंधरापेक्षा अधिक माणसे नकोत. सकाळची वेळ असावी. वस्तीत शिरताना तेथील माणूस वाटाड्या असावा आणि आपण श्रोते असावे. दारिद्र्याची छायाचित्रे काढू नयेत. चार प्रश्न विचारावेत, माप लिहावे, नकाशाशी ताडून पाहावे आणि लिहिलेले वस्तीला परत वाचून दाखवावे. नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली, धाराशिव, बीड येथील प्रत्येक महाविद्यालयाने वर्षाला अशा दोन फेऱ्या काढल्या तर काही वर्षांत मराठवाड्यातील वस्त्यांचा एक नकाशा आपल्या हातांनी तयार होईल. पुढचा प्रारूप आराखडा पालिकेच्या भिंतीवर लागेल तेव्हा त्या ३० दिवसांत तो नकाशा घेऊन आपण तेथे उभे असले पाहिजे.